पांढरी पाचच्या जरा वर

होळी झाली की आमच्या नागपुरात माणसं एकमेकांची तब्येत विचारत नाहीत, कूलर विचारतात. "लावला का?" भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, अगदी मयतीला गेलं तरी परतताना कुणीतरी हळूच विचारतो, "लावला का मग?" लावला म्हणावं तर तो म्हणतो, इतक्यात? नाही म्हणावं तर म्हणतो, अजून नाही? दोन्हीकडून आपणच चुकलेलो असतो.

आज सकाळी मी लावला. टाकी घासली, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवल्या, पंपात अडकलेली एक मेलेली पाल काढली. पाणी सोडलं आणि बटण दाबलं. ओल्या वाळ्याचा पहिला भपकारा तोंडावर आला. त्या वासावर मी जीव ओवाळून टाकीन, पण आज मी वासासाठी उभा नव्हतो. पंखा वेगात आल्यावर मोटरची घुमी सुरू होते, ती ऐकायला उभा होतो. बराच वेळ तसाच राहिलो असेन, कारण आतून बायकोचा आवाज आला, "काहून उभे आहात तिथे? आरती करायची राहिली का त्याची?"

नंदा शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाली तरी चुका काढायची सवय गेली नाही. पण तिलाही ठाऊक आहे मी काय ऐकत होतो. तिनं गॅस बारीक केला आणि तीही क्षणभर दाराशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हो, तोच आहे," आणि पोळी करपली म्हणून धावली.

तो उन्हाळा मला वर्षाच्या कुठल्याही महिन्यात आठवतो, भर थंडीतही. आमच्या लेकीनं, केतकीनं, त्या उन्हाळ्यात घरात अल्बम केला. आठ गाणी, सगळी तिनंच लिहिलेली, चालीही तिच्याच. पुण्यातून ती एक गिटार, एक लॅपटॉप, दोन माइक आणि अडीच महिन्यांची बिनपगारी सुट्टी घेऊन आली होती. कसली गाणी आहेत म्हणून विचारलं तर म्हणाली, "शब्द आपल्याकडचे, चाल कुणालाही गुणगुणता येईल अशी, आणि खाली जॅझ." मी म्हटलं, जॅझ म्हणजे काय ते मला कळेल असं सांग. तिनं थोडा विचार केला. "घरी जायचा रस्ता माहीत आहे, पण आज दुसऱ्याच गल्लीतून जायचं. आणि तरी घरीच पोचायचं." नागपूरच्या महाल वस्तीत राहणाऱ्या माणसाला यात नवीन काय? इथं गाय आडवी बसली की आम्ही रोजच जॅझ करतो.

आता माझं सांगतो. मी बेसूर आहे. हे मी विनयानं म्हणत नाही, ते सरकारी शिक्क्यासारखं माझ्यावर लहानपणीच मारलं गेलं आहे. चौथीत प्रार्थनेच्या वेळी गुरुजींनी मला मागच्या रांगेत नेलं आणि सांगितलं, "तू फक्त ओठ हलव." तेव्हापासून मी ओठच हलवत आलो. आरतीत, राष्ट्रगीतात, लग्नातल्या मंगलाष्टकांत. नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये. तिथं कुणी गाणं म्हणायला सांगत नाही, त्यामुळे निवृत्तीपर्यंत तीस वर्षं सुखाची गेली. पण केतकी तीन-चार वर्षांची असताना एकदा नंदा माहेरी गेली होती, म्हणून मी पोरीला थोपटत अंगाई म्हणायला लागलो. तिनं आपला एवढासा हात माझ्या तोंडावर ठेवला. म्हणाली, "बाबा, तुम्ही नका ना म्हणू." बस. गुरुजींचं मी कधीच मनावर घेतलं नव्हतं. हे घेतलं. ती मोठी होत गेली, तिच्या खोलीतून गाणी येत गेली आणि मी दाराबाहेर चपला शोधायच्या निमित्तानं रेंगाळत राहिलो. माझ्या लेकीच्या गाण्यात मला कुठं जागा नाही, हे मला कळलं होतं. कळलं म्हणून दुखायचं थांबलं असं मात्र नाही.

त्या उन्हाळ्यात तिनं मला काम दिलं. कूलर बंद करायचं.

त्याचं असं होतं. आमची गल्ली सकाळी भाजीवाल्यांची, भंगारवाल्यांची आणि गाड्यांच्या हॉर्नची. संध्याकाळनंतर वरातींची. दिवसात एकच वेळ अशी की सुई पडली तर ऐकू यावी, ती म्हणजे दुपारी बारा ते चार. मे महिन्यात त्या वेळी नागपुरात संचारबंदी असते, फक्त ती सूर्यानं लावलेली असते. म्हणून गाणी दुपारी ध्वनिमुद्रित करायची ठरली. भिंतींवरून आवाज परततो म्हणून केतकीनं माळ्यावरच्या गाद्या आणि दुलया काढून खोलीभर उभ्या लावल्या. भर नवतप्यात, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापते नऊ दिवस चालू असताना, घरात दुलया काढणारे आम्हीच. समोरच्या काकू विचारून गेल्या, कुणाले हिवताप तर नाही नं झाला?

त्या गाद्यांच्या भट्टीत केतकी गायला बसायची. ती हात वर करायची, मी कूलर बंद करायचो. गाणं संपायचं, मी कूलर चालू करायचो. लेकीच्या अल्बममधला माझा वाटा हा एवढा. तो मी चोख बजावला. खरं सांगू? मी खुशीत होतो. दाराबाहेरचा माणूस दाराच्या आत आला होता, मग बटणाजवळ का होईना.

दुसरे आत आले ते गुलाबभाऊ. आमच्या घराखाली बँडवाल्यांचं दुकान आहे, त्यातले सॅक्सोफोनवाले. सोनेरी गुंड्यांचा लाल कोट, पायात स्लीपर, मिशीला मेंदी. केतकीनं त्यांना दुपारी पंख्याखाली एकटंच वाजवताना ऐकलं आणि तशीच खाली गेली. त्या पहिल्याच दिवशी मोठी गंमत झाली. गुलाबभाऊंना बसून वाजवता येईना. तीस-पस्तीस वर्षं वरातीपुढं चालत वाजवलेलं. खुर्चीत बसवलं की सूर मेल्यासारखा यायचा. शेवटी केतकीनं माइक मधोमध ठेवला आणि त्यांना खोलीत गोल फिरू दिलं. ते अनवाणी, दुलयांच्या कडेकडेनं, अगदी वरातीच्या चालीनं फिरत वाजवत होते. म्हणून त्या गाण्यात त्यांचा सूर जवळ येतो, लांब जातो, पुन्हा जवळ येतो. पुढं एकानं मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं की हा परिणाम फार आधुनिक आहे. गुलाबभाऊंना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हाव, घोडा पुढं गेला की तसंच होते."

सात गाणी झाली. आठवं राहिलं आणि ते माझ्या ताईचं होतं.

ताई, म्हणजे कमलताई, माझी मोठी बहीण. दिली भिवापूरला, मिरचीच्या घरात. सत्तरी ओलांडली तरी शेतात जाते. मिरची तोडताना बायका म्हणतात तसलं एक गाणं तिच्या ओठांत असतं, कुणी रचलं तिलाही माहीत नाही, बहुतेक तिनंच थोडंथोडं रचलं असावं:

तोडू तोडू मिरची वं, ओटी भरली लाल
जळजळत्या हातानं कशी पुसू मी गाल

केतकीनं या दोन ओळींभोवती स्वतःचं गाणं बांधलं होतं. आत्या गाणार, मग भाची उत्तर देणार, मध्ये गुलाबभाऊ. सगळा अल्बम त्या गाण्याकडं चालत आला होता. "आत्या नसेल तर मी हा अल्बमच काढत नाही," असं ती म्हणून बसली होती, आणि केतकी बोलली ते बोलली. ताई एका लग्नाला नागपूरला आली होती आणि आमच्याकडं चार दिवस राहणार होती. पाचव्या दिवशी तिला जायचंच होतं. मिरचीचं रोप टाकायचं होतं. भाचीचं गाणं थांबेल, रोप थांबत नाही.

पहिल्या दिवशी ताई माइकसमोर बसली. मी कूलर बंद केला. दोन ओळी होत नाहीत तोवर ती थांबली. "मले गरगरून राहिलं." तिला रक्तदाबाचा त्रास. कूलर चालू. पाणी, लिंबू, पदरानं वारा. पुन्हा बंद. पुन्हा तीनच ओळी. शिवाय प्रत्येक वेळी ती वेगळ्याच पट्टीत सुरू करायची. केतकी गिटार लावून तयार, तर आत्या भलतीकडेच. "आत्या, मी सूर देते नं, तो घे." ताई म्हणायची, "तू दे वं, पण माह्या गळ्याले तो सापडत नाही."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ताई चिडली, पण केतकीवर नाही, माझ्यावर. बटण माझ्या हातात ना! "काहून बंद करून राहिला गा तू सारखा? त्या बिचाऱ्या कूलरनं तुझं काय खाल्लं?" केतकी उठून स्वयंपाकघरात गेली. ती रडत होती हे मला पाठीवरून कळलं. मी बाप आहे आणि माझ्या हातात एक बटण आहे आणि त्या बटणानं काही होत नाही. मी कूलर चालू केला आणि खाली बसलो.

ताई गादीला टेकून आडवी झाली. वारा लागला, डोळे मिटले, आणि ती सवयीनं गुणगुणायला लागली. तोडू तोडू मिरची वं. दोन ओळी झाल्या, थांबली. थोड्या वेळानं पुन्हा. आणि माझे कान टवकारले.

माझे कान गाण्याचे नाहीत, पण यंत्राचे आहेत. तीस वर्षं मी एकच आवाज ऐकला आहे. देशभरातली वीज केंद्रं एकमेकांना जोडलेली असतात आणि सगळ्यांची चाकं एकाच ठेक्यात फिरावी लागतात. सेकंदाला पन्नास. खापरखेड्यातलं चाक असो की दूर डोंगरातल्या धरणाचं, ठेका एकच. भार वाढला की सगळ्यांचा ठेका मिळून खाली जातो आणि मग सगळे मिळून तो वर उचलतात. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला तो इतका घसरायचा की काट्याकडं न बघता आम्ही घुमीवरून सांगायचो, "उतरला रे!" तीच घुमी तारांतून निघते आणि प्रत्येक घरातल्या मोटरीत येते. आमच्या कूलरमध्येही तीच.

आणि ताई प्रत्येक वेळी बरोबर त्या घुमीवरच सुरू करत होती. कूलर बंद असला की तिचा सूर वणवण फिरायचा. चालू असला की येऊन बसायचा. जन्मभर उन्हाळ्यात ती कूलरखाली गुणगुणत आली होती. तिचा तंबोरा आम्ही तीन दिवस बंद करत होतो आणि वर तिलाच सूर सापडत नाही म्हणत होतो.

हे केतकीला सांगायचं तर माझी जीभ अडखळली. सुराबद्दल मी बोलायचं? मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, चहा मागावा तसं म्हटलं, "केतू, मला त्यातलं काही कळत नाही, पण आत्या कूलरच्या सुरात गाते. तू गिटार त्याच्यात लावून बघ ना."

तिनं डोळे पुसले. गिटार घेऊन कूलरसमोर मांडी घालून बसली, कान जाळीला लावला, खुंटी पिळत गेली. मग माझ्याकडं वळून बघितलं. तसं तिनं माझ्याकडं आधी कधी बघितलं नव्हतं. "बाबा, पांढरी पाचच्या जरा वर आहे. पेटीवर सापडणारच नाही असा सूर आहे हा. दोन पट्ट्यांच्या मधल्या भेगेत."

"पन्नासच्या दुप्पट," मी म्हटलं. "मोटर तशीच घुमते."

त्यानंतर मला पंख फुटले. केतकीला घुमी हवी होती पण खडखड नको होती. मी कूलर उघडला. पात्यांचं वजन सारखं केलं, बुशमध्ये तेल सोडलं, चारही पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, पाण्याच्या धारेखाली कापूस ठेवला म्हणजे टपटप होऊ नये. कूलर दाराबाहेर ओढला, वारा ताईच्या पाठीवर येईल असा. नंदा म्हणाली, "माझं मिक्सर दोन वर्षं खडखडत आहे, त्याच्यावर कधी एवढा जीव लावला नाही." मी म्हटलं, मिक्सर गाण्यात नाही.

शंका एकच होती, गुलाबभाऊंचा सॅक्सोफोन त्या भेगेतल्या सुरात येईल का? ते वर आले, एक लांब फुंकर मारली आणि हसायला लागले. "साहेब, उन्हात आमचा बाजा आपोआप चढते. मे महिन्यातल्या वरातीत जिथं वाजते नं, तिथंच आहे हे. डिसेंबरात सांगितलं असतं तर नसतं जमलं." म्हणजे उन्हाळ्यानं सगळ्यांना आधीच एका पट्टीत आणून ठेवलं होतं. आम्हीच दुलया लावून त्याला बाहेर काढत होतो.

चौथ्या दुपारी ताई गायली. केतकीनं हात वर केला आणि मी बटणाला हात लावला नाही. ताई डोळे मिटून, पदर सोडून, शेतात बसल्यासारखी गायली. जळजळत्या हातानं कशी पुसू मी गाल. केतकीनं उत्तर दिलं. गुलाबभाऊ फेऱ्या मारत होते. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी घाम म्हणून पुसून घेतलं. संपल्यावर ताईच म्हणाली, "झालं का? मग भूक लागली नं वं." त्या संध्याकाळी आमरस इतका झाला की गुलाबभाऊ वरातीला उशिरा पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ताई रोप टाकायला गेली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं, पण पुण्यातल्या केतकीच्या मित्राकडं गाणी शेवटचा हात फिरवायला गेली. मुलगा हुशार. त्यानं मोठ्या मेहनतीनं आठव्या गाण्यातली घुमी पूर्ण धुऊन काढली आणि अभिमानानं पाठवलं, बघ, एक थेंब राहिला नाही. आम्ही ऐकलं. ताईचा आवाज बेवारशासारखा लोंबकळत होता. कशाच्या वर आहे, कशाच्या खाली, काही पत्ताच नाही. केतकीनं फोन लावला आणि आमच्या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता अशा आवाजात ओरडली, "अरे, तो कचरा नाही, तो माझा सा आहे! परत घाल!" त्यानं परत घातली. थोडी वाढवूनच घातली.

अल्बम आला. खूप गाजला असं म्हणणार नाही, पण ज्यांना सापडला त्यांना सोडवेना. ताईच्या गावात मुली मिरची तोडताना फोनवर तो लावतात आणि ताई त्यांना सांगते की तिथं माह्यापेक्षा बारीक आवाज आहे नं, तो माह्या भाचीचा. केतकीनं नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली. आता ती गावोगाव गाते. घरी येणं कमी झालं. तिच्या खोलीतून आता काही येत नाही. या मार्च-एप्रिलात मी पुन्हा चपला शोधत रेंगाळतो तो रिकाम्या दाराशी.

आज दुपारी चारच्या सुमाराला तिचा फोन आला. संध्याकाळी कोलकात्यात कार्यक्रम होता. "बाबा, कूलर लावला का?"

"सकाळीच."

"फोन त्याच्याजवळ धरा. मी गिटार लावून राहिली."

मी म्हटलं, तुझ्याकडं सूर दाखवायचं यंत्र असतं ना? ती म्हणाली, "आहे. त्याच्यावर काटा दिसतो हो. पण तिथून माझी सुरुवात होत नाही."

मी फोन जाळीला लावून उभा राहिलो. दोन मिनिटं झाली. फोनमधून तिचा आवाज आला, "चालू आहे का? काहीच येऊन नाही राहिलं." मी आणखी जवळ नेला, फोनवर पाण्याचे दोन शिंतोडे उडाले. "नाही बाबा. हे फोन असा आवाज गाळून टाकतात. माणसाचा तेवढा जाऊ देतात. तुम्ही म्हणा."

"मी?"

"त्याच्याबरोबर म्हणा. तुमच्याइतका तो कुणी ऐकला आहे?"

मी स्वयंपाकघराकडं बघितलं. नंदा दारात उभी होती आणि या वेळी तिच्याकडं काढायला एकही चूक नव्हती. मी फोन तोंडाशी आणला. गळ्यातून आधी नुसता श्वास निघाला, मग खरखर, आणि मग कुठंतरी छातीच्या तळाशी, घुमी होती तिथं, माझा आवाज जाऊन टेकला. मी ओठ मिटूनच ठेवले. पलीकडं एक तार हळूहळू चढत आली. थरथरत, जवळ, आणखी जवळ, आणि माझ्या आवाजाला येऊन लागली तेव्हा थरथर थांबली.

"हा," केतकी म्हणाली. "आता सोडू नका बाबा, बाकीच्या तारा लावायच्या आहेत."

मी सोडला नाही.